न झालेल्या कामांचा हिशेब

कृत्रिम बुद्धिमत्तेवर मराठीत सध्या जी चर्चा चालली आहे, ती दोनच प्रश्नांभोवती घुटमळते. नोकऱ्या किती जाणार, आणि यंत्राला कविता करता येते का? पहिल्या प्रश्नावर आकडे फेकले जातात, दुसऱ्यावर भावना. परिसंवाद साहित्यिकांचा असो की उद्योजकांचा, एक बाजू म्हणते सगळं संपलं, दुसरी म्हणते जो शिकणार नाही तो संपला. दोघांनीही एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. जगातल्या कामाचा साठा ठरलेला आहे, त्यातलं यंत्राने जेवढं उचललं तेवढं माणसाचं गेलं. मला हे गृहीतकच मान्य नाही. माणसं मिळाली नाहीत, पैसा नव्हता, सवड नव्हती म्हणून जी कामं आपल्याकडे कधी झालीच नाहीत, त्यांचा ढीग झालेल्या कामांपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि मराठीपुरतं बोलायचं तर फारच मोठा आहे. एआयचं मोल त्या ढिगाशी लावून पाहायला हवं. तसं पाहिलं की मी आशावादी आहे. कुणाच्या तरी पोटावर पाय पडणारच नाही, असं मी म्हणत नाही. त्यावरही पुढे बोलणार आहेच.

पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर घ्या. कापडात बांधलेले हजारो रुमाल, आणि एकेका रुमालात शेकडो कागद. कुठल्या पेठेत जकात किती बसली, कुणाचं वतन कुणी बळकावलं, दुष्काळात कुठल्या गावाला साऱ्यात सूट मिळाली, कुणी कुणाविरुद्ध फिर्याद गुदरली, हे सगळं तिथे लिहून ठेवलेलं आहे. 1930 च्या दशकात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहकारी घेऊन या दफ्तराची चाळणी केली आणि निवडक कागदांचे 45 खंड छापून निघाले. हे प्रचंड काम होतं, तरीही सबंध दफ्तराच्या मानाने तो लहानसा अंशच. बाकीचे कागद का वाचले गेले नाहीत? कारण ते मोडी लिपीत आहेत. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि बोरू फारसा न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, हुद्द्यांची नि मापांची संक्षिप्त रूपं ठायी ठायी. वाचणाऱ्याला शब्द कुठे तुटतो इथपासून सुरुवात करावी लागते. मोडी कारभारातून गेली, शाळेतून गेली, आणि ती सराईतपणे वाचणारी माणसं गेल्या दोन पिढ्यांत विरळ होत गेली. आहेत त्यांनी दिवसरात्र वाचायचं म्हटलं तरी एका आयुष्यात हे दफ्तर संपणार नाही.

आयआयटी रुरकीतल्या संशोधकांनी 2025 मध्ये मोडी हस्तलिखिताचं थेट देवनागरीत लिप्यंतर करणारं एआयचं प्रारूप (मॉडेल) मांडलं. त्यासाठी त्यांनी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही वळणांच्या 2,043 प्रतिमा जाणकारांच्या लिप्यंतरासह गोळा केल्या. संख्या लहान आहे, चुका होणार, आणि हे साधन अजून बाल्यावस्थेत आहे. तरीही त्यातून काय शक्य होतं ते पाहा. कच्चं का होईना, लिप्यंतर हाती आलं की गावाच्या नावाने शोध घेता येतो, आडनावाने घेता येतो. साताऱ्याच्या एखाद्या खेड्यातली इतिहास शिकवणारी बाई आपल्या गावाचे कागद मागू शकते. आता प्रश्न विचारू या, यात कुणाची नोकरी गेली? मोडी वाचकाची? 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी धुंडाळायची वेळ आली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध झाली आणि माणसं पुरेनात. जमिनीच्या नाहीतर वंशावळीच्या प्रकरणात ‘असं असं लिहिलेलं आहे’ म्हणून जबाबदारीने सांगणारं आणि सही करणारं कुणीतरी लागतंच. यंत्राने शंभर कच्ची पानं पुढे टाकली तर जाणकाराची गरज वाढेल, कारण आजवर जी पानं उघडलीच गेली नव्हती त्यांच्यावर त्याचं मत लागेल.

उद्योगात अशी न झालेली कामं आणखी साधी असतात, म्हणून ती दिसतही नाहीत. माझ्या परिचयाचे एक कारखानदार भोसरीत जॉबवर्क करतात. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी धातू कापणारी संगणकचलित यंत्रं, मोजके कामगार. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी चूक, नुसत्या नजरेने सांगतील, पण इंग्रजीत पत्र लिहायचं म्हटलं की टाळाटाळ. एका बड्या गिऱ्हाइकाकडे त्यांचं चार महिन्यांचं बिल अडकलं होतं. दर आठवड्याला फोन, दर वेळी ‘फाइल अकाउंट्सला गेली आहे’ हे उत्तर. त्यांनी एका रात्री फोनवरच्या एआयला मराठीत, बोलून, सगळी हकिकत सांगितली. त्याने त्यांना सांगितलं की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार, करारात काहीही असलं तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, आणि अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. पाठोपाठ इंग्रजीत पत्राचा मसुदाही दिला. त्यांनी तो आपल्या सीएला दाखवला. सीएने त्यातली एक घोडचूक काढली. मशीनने व्याज माल पोचल्याच्या तारखेपासून धरलं होतं, कायद्याप्रमाणे ते मुदत उलटल्यावर लागतं. दुरुस्त पत्र गेलं आणि बिलही निघालं.

हा प्रसंग मी एवढा तपशिलाने सांगतो आहे, कारण वादात नेमका तो सापडत नाही. या पत्रासाठी त्यांनी कधीच वकील लावला नसता. मग वकिलाचं काम यंत्राने हिरावून घेतलं असं कसं म्हणायचं? उलट सीएकडे एक नवं काम आलं. मोठ्या कंपनीकडे कायदा विभाग असतो, जाहिरातीला एजन्सी असते, परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायला माणूस असतो. लहान कारखानदाराकडे यातलं काहीच नसतं, आणि आपल्याकडे धंदे बुडण्याचं हे एक मोठं कारण आहे. माल चांगला असूनही माणूस कागदात मार खातो. इथे दोघांमधलं अंतर थोडं का होईना कमी होतं. याला अभ्यासाचाही आधार आहे. एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची पाहणी केली. एआयच्या मदतीने त्यांचं काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढलं, पण नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांचं 34 टक्क्यांनी. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे जाणत्यांचं शहाणपण नवख्यांपर्यंत पोचायला मदत झाली. सगळीकडे असंच होतं, असा दावा मी करणार नाही. 2025 मध्ये अनुभवी प्रोग्रामरांवर एक लहानसा प्रयोग झाला, त्यात एआय वापरणाऱ्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि तरी आपण वेगाने काम केलं असंच त्यांना वाटत होतं. आपलं काम ज्याला आधीच पक्कं येतं त्याने या साधनाकडे सावधपणे पाहावं, हे खरंच.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. जुलै 2025 मध्ये टीसीएसने 12 हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. कंपनीने कारण एआयचं नसून कौशल्यं जुळत नसल्याचं सांगितलं, पण ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याला कारणाच्या नावाशी काय करायचं? त्याच सुमारास स्टॅनफर्डच्या एका अभ्यासातून अमेरिकेतलं असं चित्र पुढे आलं, की एआयची झळ सर्वांत जास्त बसणाऱ्या व्यवसायांत 22 ते 25 वयाच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत 13 टक्क्यांनी घटला. अनुभवी टिकले, नवे बाहेर राहिले. हा आकडा मला अस्वस्थ करतो. कारण शिकाऊ माणूस कामातूनच घडतो. कच्चा मसुदा, साधा कोड, पहिलं प्रूफ ही त्याची पायरी. ती काढून घेतली तर दहा वर्षांनी अनुभवी माणूस आणायचा कुठून? ‘नव्या नोकऱ्या येतील’ एवढं म्हणून हा प्रश्न झटकणाऱ्या आशावाद्यांशी माझं मुळीच जमत नाही.

पण या मुद्द्यातून ‘म्हणून यंत्र नको’ हा निष्कर्ष निघतो का? मुंबईकडे इतिहास आहे, तो नीट वाचला पाहिजे. गिरण्या यंत्रांनी माणसं हटवली म्हणून बंद पडल्या नाहीत. अनेक मालकांनी गिरणीतला नफा गिरणीत घातलाच नाही, जुनेपुराणे माग चालवत राहिले, विणकाम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे सरकत गेलं, आणि पुढे कापडापेक्षा जमिनीला भाव आला. 1982 च्या संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी असंख्यांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, ते नव्या यंत्राने नव्हे. जुनी यंत्रं तशीच राहिल्याने त्यांच्यापैकी कुणाचाही रोजगार वाचला नाही. काम निघून जातं ते आधी दुसऱ्या गावाला, आणि बहुतेकदा जिथे मजुरी कमी नि संघटना नाही अशा गावाला. लालबाग-परळ हे सगळं पाहून बसलं आहे.

त्याच काळात बँकांमध्ये काय घडलं? संगणकाला कर्मचारी संघटनांचा कडवा विरोध होता, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. पण 1983 मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यात करार झाला. यंत्रं कुठे नि किती आणायची याला त्यात मर्यादा घातल्या गेल्या. पाठोपाठ बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला, पुढच्या करारांनी मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल केल्या. त्या टप्प्यांमुळे लेजरवर आयुष्य काढलेल्या हजारो माणसांना की-बोर्डवर यायला अवधी मिळाला. आज कुठल्याही शाखेतून आपलं खातं चालतं, गावाकडच्या आईला मुंबईहून मिनिटात पैसे जातात. ते लेजर परत आणा, असं त्या संघटनाही म्हणत नाहीत. 2023 मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी 148 दिवस संप केला आणि करारात लिहून घेतलं की एआयला लेखक म्हणून श्रेय मिळणार नाही, कुठलीही कंपनी लेखकावर एआय वापरायची सक्ती करणार नाही, मात्र कंपनीच्या संमतीने लेखकाला ते वापरता येईल. बंदी त्यांनी मागितली नाही, अटी मागितल्या. आपल्या आयटी कंपन्यांकडेही अट मागता येते. यंत्रामुळे वाचलेल्या पैशातून दरवर्षी अमुक इतके शिकाऊ घ्या आणि त्यांना यंत्राचं काम तपासायला बसवा. तपासणं हीच उद्याची पहिली पायरी होऊ शकते. फक्त ती कंपन्या आपण होऊन बांधणार नाहीत, त्यांना बांधायला लावावी लागेल.

कलेच्या क्षेत्रातला आक्षेप वेगळा आहे, आणि तो जास्त खोल आहे. यंत्र सरासरीकडे ओढतं. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांच्या 2024 च्या प्रयोगात एआयने सुचवलेल्या कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथा सुट्या सुट्या पाहिल्या तर वाचकांना सरस वाटल्या, कमी सर्जक लेखकांच्या तर विशेषच. पण सगळ्या एकत्र ठेवल्या तेव्हा त्या एकमेकींसारख्या निघाल्या. प्रत्येकाचं लेखन सुधारलं आणि सगळ्यांचं मिळून साहित्य अरुंद झालं. हे खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. दिवाळी अंक हाती घेतला की काही जाहिरातींचा नि लेखांचा एकच सूर आताच कानाला खटकतो.

तरीही राजा रविवर्म्यांच्या छापखान्याची गोष्ट आठवते. 1894 मध्ये त्यांनी मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या ओलिओग्राफांनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांनी, लक्ष्मी-सरस्वतीचा एकच चेहरा देशभर पोचवला. चित्रं दाखवत कथा सांगायच्या परंपरेतल्या, पैठणी चित्रांतल्या नि पिंगुळीच्या चित्रकथीतल्या, त्या धारदार, मोठ्या डोळ्यांच्या आकृती मागे पडत गेल्या. स्वस्त नकलेने विविधता खाल्ली, हा आरोप तेव्हाही खरा होता. पण त्याच नकलेमुळे ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवलं जायचं त्यांच्या भिंतीवर देवीची तसबीर आली. आणि त्याच छापखान्यात काम केलेला एक तंत्रज्ञ, धुंडिराज गोविंद फाळके, रंग, रसायनं, छायाचित्रण नि छपाईचं सगळं ज्ञान घेऊन बाहेर पडला आणि 1913 मध्ये त्याने या देशाला पहिला कथापट दिला. नकलेच्या कारखान्यातून एक अख्खी नवी कला निघेल, हे 1894 मध्ये कुणी सांगितलं असतं? त्या काळी आपण फक्त ‘ही खरी चित्रकला आहे का’ एवढंच विचारत बसलो असतो, तर फाळक्यांच्या हातात काय येतं आहे हे आपल्याला दिसलंच नसतं. आजही कुठल्या तरी तालुक्याच्या गावी एखादी मुलगी स्टुडिओविना, निर्मात्याविना आपल्या बोलीत अॅनिमेशनपट करत असणार, याची मला खात्री आहे. अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत बालपट काढायला आजवर कुठल्या निर्मात्याने पैसे घातले असते? तो धंद्याच्या हिशेबात बसलाच नसता. आता पैशाचं गणित तिला अडवत नाही. पट चांगला होईल की नाही हे तिच्या नजरेवर ठरेल, आणि सरासरीच्या बाहेरचं काही तिच्याजवळ असेल तरच तो कुणाच्या लक्षात राहील. नक्कल फुकट झाली की स्वतःच्या आवाजाची किंमत वाढते.

आवाज म्हटलं की चोरीचा प्रश्न येतो, आणि तिथे कसलीही सूट नको. 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने रोखलं. 2025 मध्ये आशा भोसले यांनाही तसाच दिलासा मिळाला. नामवंतांना न्यायालय परवडतं. नाशिकच्या डबिंग कलाकाराला परवडत नाही, आणि त्याचा आवाज उचलणं त्याहून सोपं आहे. त्यामुळे त्याचं संरक्षण खटल्यावर नव्हे, कायद्याच्या कलमावर उभं राहायला हवं.

पुस्तकांचंही तेच. 2025 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने चोरट्या संग्रहांतून पुस्तकं उतरवून घेतल्याबद्दल अमेरिकेत लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. एका पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. मराठी लेखकाला एका आवृत्तीचं मानधन किती मिळतं, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. आपल्याकडे एएनआय ही वृत्तसंस्था विरुद्ध चॅटजीपीटीवाली ओपनएआय हा खटला 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाला, पण मराठीची बाजू मांडायला अजून कुणी उभं नाही. यावर ‘आमच्या पुस्तकांना हातच लावू नका’ अशी भूमिका काहीजण घेतात. तिच्यामागचा संताप मला समजतो, भूमिका पटत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि 2011 च्या जनगणनेनुसार ती आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. या यंत्रांना चांगलं मराठी मिळालं नाही तर ती वाईट मराठी शिकतील, आणि भोसरीच्या कारखानदाराला, साताऱ्याच्या बाईंना तेच वाईट मराठी बोलून दाखवतील.

तेव्हा चांगलं मराठी द्यावं, पण दाम घेऊन द्यावं. गीतकार-संगीतकारांसाठी हे आपल्या देशात एकदा झालेलं आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या रॉयल्टीवरचा त्यांचा हक्क असा पक्का केला की निर्मात्याने करारात लिहून घेतलं तरी तो काढून घेता येत नाही, आणि ती रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्थाही आहे. लेखक, अनुवादक, कोशकार आणि डबिंग कलाकारांसाठी तशीच एक संस्था उभारता येईल. लेखकांच्या आणि प्रकाशकांच्या संघटनांनी मिळून सभासदांच्या साहित्याची यादी करावी, प्रशिक्षणासाठीचा परवाना आणि त्याचा दर ठरवावा, आणि सरकारी खर्चाने मराठी प्रारूपं तयार होत असतील तिथे पहिली मागणी नोंदवावी. 1983 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या हातात कराराला बसण्याजोगी ताकद होती, कारण त्यांच्याशिवाय शाखा चालत नव्हती. चांगल्या मराठीशिवाय या कंपन्यांना महाराष्ट्राची बाजारपेठ मिळत नाही, आणि ते मराठी लिहिणाऱ्यांकडे आहे.